पिवळ्या तारेवरची नाडाछडी

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. उज्जैनच्या माधवनगरातल्या घरी पोस्टमन एक लांबट पांढरा लिफाफा देऊन गेला. नाव बापूंचं होतं, छापील. बापू म्हणजे श्रीधरराव, विजयाबाईंचे यजमान. बँकेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी टपाल उघडायची त्यांची रीत बँकेतलीच होती. आधी चष्मा पुसायचा, मग सुरीने लिफाफ्याची कड कापायची, मग आतला कागद दोनदा वाचायचा, आणि तोवर कोणी बोलायचं नाही. विजयाबाई समोर मटार सोलत बसल्या होत्या. त्यांच्या चाळीसेक शेंगा सोलून झाल्या तेव्हा कुठे बापू म्हणाले, "गाडीचं आहे."

त्या घरात गाडी नव्हती. पोर्चमध्ये जिथे ती उभी राहायची तिथे आता कुंड्या होत्या आणि कपडे वाळत घालायची दोरी होती.

बापूंनी पत्र समजावून सांगितलं. अठ्ठ्याण्णव साली बनलेल्या काही गाड्यांमध्ये स्टिअरिंगखालच्या वायरींची एक जोडणी कच्ची राहिली आहे. ती हळूहळू सैल होते, आणि मग टक्कर झाली तर एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नाही. गाडी इंदूरच्या वर्कशॉपला घेऊन या, आम्ही फुकट दुरुस्त करून देऊ. येताना गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांनी यावं, नाहीतर त्यांच्या सहीची चिठ्ठी घेऊन घरचं माणूस यावं. गाडी विकली असेल तर सध्या ती कोणाकडे आहे ते कळवा.

"कळवून टाकतो," बापू म्हणाले. "तिचं नाव, पत्ता. रजिस्टर करतो."

विजयाबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. गाडी केतकीकडे होती. केतकी त्यांची सून. होती म्हणायचं.

ती गाडी घरी आली तो दसरा विजयाबाईंना काल झाल्यासारखा आठवे. त्यांच्या लग्नानंतर बापूंनी स्कूटरसाठी नंबर लावला होता, तो लागला तेव्हा त्यांचा मुलगा निखिल चालायला लागला होता. पुढे एक्क्याण्णव साल उजाडलं, दुकानं बदलली, टावर चौकात काचेच्या दारांची दुकानं आली, आणि बघता बघता निखिल इंदूरच्या एका कंपनीत साहेब झाला. पहिली मोटार वडिलांच्याच नावावर हवी, हा त्याचा हट्ट. गाडीत पुढे दोन एअरबॅगा होत्या. सगळी कॉलनी बघायला आली. टक्कर झाली की गादी फुगून माणसाला झेलते, असं निखिल एकेकाला समजावत होता. शेजारच्या वासंतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि डुलकी लागली असताना फुगली तर?"

पण निखिलला गाडी चालवायला वेळ नव्हता. चालवली ती केतकीने. ती ग्वाल्हेरची, पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची, आणि मराठी बोलता बोलता हिंदीत घसरायची. कॉलेज सुटलं की हॉर्न न वाजवता गेटशी गाडी लावायची आणि आत येऊन म्हणायची, "चला आई, कहीं भी चला." तीस वर्षं स्कूटरवर एका बाजूला पाय सोडून, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर आणि दुसऱ्यात पिशवी धरून हिंडलेल्या विजयाबाई पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसल्या. भाजीला जायचं तरी त्या दोघी नानाखेड्याला वळसा घालून जात. घरात चार भिंतींत जे बोलणं होत नाही ते गाडीत होतं, कारण दोघींनाही समोर बघायचं असतं. केतकीला मूल होत नव्हतं तेही त्यांना गाडीतच कळलं. निखिल पुढे सिंगापूरला गेला, त्याचे फोन पंधरवड्यावर आले, आणि एक दिवस त्याने तिथे दुसरं बिऱ्हाड मांडल्याचं सांगितलं, तेही केतकीने त्यांना गाडीतच सांगितलं, टावर चौकात, घड्याळाखाली, भाजीची पिशवी मांडीवर असताना.

दोन हजार सालच्या आषाढात ती घर सोडून निघाली. नानाखेड्याला तिने दोन खोल्या घेतल्या होत्या. निघताना बापूंनी गाडीची किल्ली तिच्या हातावर ठेवली. "ही तुझ्याकडेच राहू दे," एवढंच बोलले. कोर्टाचे कागद झाले, पण गाडीच्या कागदावर नाव बदलायचं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. घरातलीच तर गाडी. चाळीस वर्षं लोकांच्या कागदांतल्या चुका काढलेल्या बापूंच्याही आलं नाही.

त्यानंतर बापूंनी एक नेम घालून दिला. तिला फोन करायचा नाही, तिच्या घरी जायचं नाही. रागाने नव्हे. ते म्हणाले, "आपल्या मुलाने केलं ते केलं. आता आपण सारखं डोकावत राहिलो तर ती पोरगी उभी कशी राहणार?" विजयाबाईंना ते पटलं होतं. पटलं होतं म्हणूनच जास्त जड गेलं. दोन वर्षं चार महिने त्यांनी नेम पाळला. मधे एकदा टावर चौकात रसाच्या दुकानासमोर त्यांना ती गाडी उभी दिसली. त्या पलीकडच्या फुटपाथवर थांबून राहिल्या. केतकी दुकानातून आली, बसली, निघून गेली. विजयाबाई धने आणायला आल्या होत्या, ते न घेताच घरी परतल्या.

आणि आता हे पत्र आलं होतं.

"रजिस्टर जायला चार दिवस," त्या म्हणाल्या. "तेवढे दिवस ती रोज त्या गाडीने कॉलेजला जाणार."

 बापूंनी पत्राची घडी घातली, फोन उचलून टीपॉयच्या विजयाबाईंकडच्या कडेला ठेवला आणि आत जाऊन पडले.

फोनवर केतकी नीट बोलली. सगळं ऐकून घेतलं, कोणती वायर ते विचारलं, बरं झालं कळवलंत म्हणाली. मात्र सगळ्या बोलण्यात तिने हाक कशी ती मारली नाही. तुम्ही म्हणाली, आई म्हणाली नाही. विजयाबाईंचं अर्धं लक्ष त्याकडेच होतं. घरचं माणूस लागेल असं लिहिलंय, मी येऊ का, असं त्यांनी विचारलं. मग केतकी म्हणाली, "शनिवारी आठ वाजता येते. कोपऱ्यावर थांबते."

गेटशी येते म्हणाली नाही.

शुक्रवारी बापू चिठ्ठी लिहायला बसले. माझ्या नावावर असलेली अमुक नंबरची गाडी घेऊन माझी पत्नी आणि श्रीमती केतकी... इथपर्यंत आले आणि पेन थांबलं. केतकीचं आडनाव आता काय लावायचं? त्यांनी कागद बाजूला सारला, दुसरा घेतला आणि लिहिलं, 'ही चिठ्ठी आणणाऱ्या व्यक्ती'. खाली बँकेतली लांबलचक सही केली. विजयाबाईंनी वाचलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नवऱ्याच्या हुशारीची कीव आली.

शनिवारी कोपऱ्यावर गाडी उभी होती. रंग जरा उडाला होता, बाकी तीच. केतकीने केस कापले होते. विजयाबाई आत बसल्या. केतकीने गाडी सुरू केली, आरशात पाहिलं आणि सवयीने म्हणाली, "आई, बेल्ट."

म्हणून गेली आणि दोघीही समोर बघू लागल्या. विजयाबाईंनी बेल्ट ओढला. खटका दुसऱ्या खेपेला बसला.

सांवेरपर्यंत रस्ता खराब होता, त्यामुळे बोलण्यावाचून चाललं. शेतांतून हरभरा वर आला होता. केतकी पूर्वीपेक्षा हळू चालवत होती. विजयाबाईंनी डॅशबोर्ड पाहिला, सगळं ओळखीचं होतं. नवीन काही असेल तर काट्याच्या तबकडीवर, उजव्या कोपऱ्यात, एक मोठी काळी टिकली चिकटवलेली. केतकी टिकल्या कुठेही चिकटवायची, आरशाला, कपाटाच्या दाराला, एकदा तर बापूंच्या चष्म्याच्या घरावर. तिची ती सवय गेली नाही हे पाहून विजयाबाईंना बरं वाटलं. त्यांनी निखिलचं नाव काढलं नाही. केतकीने बापूंच्या गुडघेदुखीचं विचारलं, वासंतीबाईंचं विचारलं, दूधवाला अजून पाणीच घालतो का तेही विचारलं.

इंदूरचं वर्कशॉप दवाखान्यासारखं स्वच्छ होतं. निळ्या शर्टातल्या सुपरवायझरने पत्र पाहिलं, बापूंची चिठ्ठी पाहिली आणि गाडी आत घेतली. अर्ध्या तासाचं काम आहे म्हणाला. त्या दोघी काचेपलीकडच्या खुर्च्यांवर बसल्या. दहा मिनिटांत तो परत आला. तोंडावर हसू होतं, पण ते आवरतं घेतलेलं.

"आंटीजी, ज़रा देखिए. ये किसने बाँधा है?"

स्टिअरिंगखालचं झाकण काढलं होतं. आत तारांचा गुंता होता आणि त्यात एक जाड पिवळी नळी. त्या पिवळ्या नळीला नाडाछडी बांधलेली होती, लाल-पिवळी, आता मळून विटकरी झालेली. तिचं दुसरं टोक स्टिअरिंगच्या दांड्याला आवळलेलं होतं.

विजयाबाईंनी ती लगेच ओळखली. गाडी आणली त्या दिवशी चिंतामण गणेशाला नेली होती, उज्जैनला नव्या गाडीचं पहिलं चाक तिथेच जातं. पुजाऱ्याने स्टिअरिंगला बांधायला नाडाछडी दिली. निखिल म्हणाला, आई, ही मोटार आहे, बैलगाडी नाही, इथे लोंबतं काही नको. मग तो प्रसाद घ्यायला गेला तेवढ्यात त्यांनी खाली वाकून, कोणाला दिसणार नाही अशा जागी हात घालून, स्टिअरिंगच्या दांड्याला आणि हाताला लागलेल्या एका जाडशा तारेला नाडाछडी बांधली. वाकून पाहिलं तर तार हळदीसारखी पिवळी. त्यांना तर तो शुभशकुनच वाटला. सात गाठी मारल्या, सातही वेळा केतकीचं नाव घेतलं, कारण चालवणार तीच होती.

सुपरवायझर सांगत होता. पिवळी तार म्हणजे एअरबॅगची, तिला कोणी हात लावू नये म्हणून तर ती पिवळी असते. कंपनीची जोडणी कच्ची होतीच. त्यात कोणीतरी स्टिअरिंग खाली घेतलं, दांडा खाली आला, धागा ताणला गेला आणि जोडणी अर्धी बाहेर आली. एअरबॅग बंदच पडली होती. आजची नाही, बऱ्याच दिवसांची. "बत्ती तो जलती होगी, मैडम?"

 त्याने हात घालून तबकडीवरची काळी टिकली नखाने काढली. खाली लाल दिवा होता, पोटाशी चेंडू धरून बसलेल्या माणसाचं चित्र.

विजयाबाईंनी तो दिवा पाहिला. ज्या पोरीचं नाव सात वेळा घेतलं तिच्याच पुढची गादी त्यांनी स्वतःच्या हातांनी बंद करून ठेवली होती. "तुला कळलं नाही?" त्यांनी विचारलं. मग त्यांच्या लक्षात आलं की इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या बाईला आपण काय विचारतो आहोत.

"कळलं होतं," केतकी म्हणाली. "नानाखेड्याच्या मेकॅनिकने दाखवलं होतं. बोला, धागा काट दो, बत्ती बुझ जाएगी." ती जमिनीकडे बघत होती. "मला काढवेना."

"किती दिवस झाले?"

"सव्वा वर्ष."

सुपरवायझरने खिशातून पकड काढली. विजयाबाई एकदम पुढे झाल्या. कापायची नाही म्हणाल्या. देवाची नाडाछडी कापत नाहीत, सोडतात. तो म्हणाला, आंटीजी, मागे चार गाड्या उभ्या आहेत. त्या म्हणाल्या, उभ्या राहू देत, मी बांधली आहे, मीच सोडीन. त्याने मान हलवली, गाडीच्या बॅटरीची तार काढून ठेवली आणि पुढच्या गाडीकडे गेला.

अडुसष्ट वर्षांच्या विजयाबाई ड्रायव्हरच्या सीटवर आडव्या झाल्या, डोकं स्टिअरिंगखाली, पाय दाराबाहेर. एका पायातली चप्पल गळून पडली. केतकी शेजारी उकिडवी बसली आणि तिने उजेडासाठी हातबॅटरी धरली. गाठी दगडासारख्या झाल्या होत्या. नख घालून, थोडी ओल लावून, सैल करून एकेक सोडवावी लागत होती. पहिलीला पाच मिनिटं लागली. दुसरी लवकर सुटली. आत ग्रीसचा आणि धुळीचा वास होता. दोघींची डोकी वीतभर अंतरावर होती, पण एकमेकींचे चेहरे दिसत नव्हते, फक्त हात दिसत होते.

चौथी गाठ सुटल्यावर केतकी म्हणाली, "मी लग्न करतेय."

विजयाबाईंची बोटं थांबली.

केतकी बोलत राहिली, घाईघाईने, जणू गाठी संपायच्या आत सांगून व्हायला हवं. त्याचं नाव रुचिर. भोपाळच्या पॉलिटेक्निकमध्ये असतो, बायको चार वर्षांपूर्वी गेली, सहा वर्षांची मुलगी आहे, ऋता नावाची. मार्गशीर्षात रजिस्टर करायचं आहे, गाजावाजा काही नाही. बदलीचा अर्ज मंजूर झालाय. "तुम्हाला बाहेरून कळायला नको होतं," ती म्हणाली. "मैंने दो बार फ़ोन उठाया. मग वाटलं, कोणत्या नात्याने सांगू?"

बॅटरीचा उजेड हलत होता. "नीट धर," विजयाबाई म्हणाल्या. "मला दिसत नाहीये." दिसत नव्हतं ते खरं होतं, पण बॅटरीचा दोष नव्हता.

त्यांनी पाचवी गाठ हातात घेतली. इतकी वर्षं त्यांनी मनात एक वेडी गोष्ट जपली होती, बापूंनाही सांगितली नव्हती. एखाद्या संध्याकाळी गेटशी हॉर्न न वाजवता गाडी उभी राहील. कुंड्या बाजूला सारायला त्यांना कितीसा वेळ लागणार होता. ही गोष्ट खरी होणार नाही हे त्यांना कळत होतं, पण केतकी नानाखेड्याला होती तोवर ती खोटीही पडत नव्हती. भोपाळला गेली की पडणार.

सहावी सुटली. "मुलगी बोलते का तुझ्याशी?" त्यांनी विचारलं.

"बोलते. पण जेवताना वडिलांकडे बघते, या बाईने वाढलेलं खाऊ का म्हणून."

"खाईल. जबरदस्ती करू नकोस. तू आलीस तेव्हा पंधरा दिवस माझ्या हातचा चहा प्यायली नव्हतीस, आठवतं?"

"गूळ घालत होतात तुम्ही त्यात."

"मग. तुला साखर लागते हे तू सांगेपर्यंत मी घालतच राहिले."

केतकी हसली, आणि हसताना बॅटरी पार छताकडे गेली. सातवी गाठ विजयाबाईंनी अंधारातच सोडवली.

बाकीचं काम वीस मिनिटांत झालं. नवी जोडणी बसली, किल्ली फिरवल्यावर लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. सुपरवायझरने उगाच मान डोलावली. विजयाबाईंनी नाडाछडी पदराच्या टोकाने पुसली आणि परतीच्या वाटेवर सांवेरच्या पुढे एका पिंपळाच्या बुंध्याशी ठेवून दिली. दुसरी बांधू का, असं त्यांनी विचारलं नाही.  गाडीचं नाव बदलून घ्यायला हवं, नाहीतर भोपाळला अडचण येईल, एवढं मात्र बोलणं झालं. बापू सही करतील, विजयाबाई म्हणाल्या. पुढचं पत्र मग सरळ भोपाळलाच जाईल, हे त्यांच्या मनात आलं ते त्यांनी मनातच ठेवलं.

माधवनगरच्या कोपऱ्यावर गाडी थांबली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. विजयाबाईंनी बेल्ट काढला, दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि तशाच बसून राहिल्या.

"गुरुवारी तुला सुट्टी असते ना दुपारची?"

"असते. का?"

"केळवणाला ये."

केतकी त्यांच्याकडे बघतच राहिली. "केळवण माहेरचे करतात," ती म्हणाली.

"माहेरचे करतात, मामा करतात, मावशी करते, शेजारीपाजारीसुद्धा करतात. माझं कोणतं ते तू ठरव. ठरेना तर नुसती जेवायला ये."

"आणि बापू?"

"बापूंना मी सांगते."

केतकीने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते. बघते म्हणाली नाही, येते म्हणाली नाही, मान मात्र हलवली. विजयाबाई उतरल्या. गाडी वळेपर्यंत त्या उभ्या राहिल्या, आणि या वेळी फुटपाथ सोडून पार पुढे येऊन उभ्या राहिल्या.

बापू व्हरांड्यात बसले होते. वर्तमानपत्र समोर होतं, पण सकाळी जे पान वर होतं तेच आताही होतं. काम झालं का, त्यांनी विचारलं. झालं म्हणाल्या. मग पाणी पिऊन, पाटावर बसून, त्यांनी सगळं सांगितलं, नाडाछडीचं, लाल दिव्याचं, भोपाळचं. बापू ऐकत होते. टिकलीचं आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"गुरुवारी केळवणाला बोलावलंय," विजयाबाई शेवटी म्हणाल्या. "तुमचा नेम मोडला."

बापू उठले. आत जाऊन दूधवाल्याची वही आणली, खिशातलं पेन काढलं.

"दोघांचं करायचं की एकटीचं?"

विजयाबाईंनी हा विचारच केला नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर पाट होता तो एकच, त्यावर केतकी, आणि तिची जुनी जागा.

"एकटीचंच," त्या म्हणाल्या. "या खेपेला एकटीचंच."

बापूंनी वहीत गुरुवारपुढे चार लिटर लिहिलं. विजयाबाईंनी डोकावून पाहिलं. तीन माणसांच्या बासुंदीला चार लिटर दूध कशाला, उरेल की, त्या म्हणाल्या.

"उरू दे. तिच्याबरोबर दे," बापू वही मिटत म्हणाले. "स्टीलचा डबा दे, आपलं नाव घातलेला. प्लॅस्टिकचा देऊ नकोस. प्लॅस्टिकचा डबा कोणी परत आणून देत नाही."